नमुन्याची गिटार

साहेबांनी गिटार माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तक, पोटच्या पोरासारखी सांभाळ." आमच्या कारखान्यात पोटचं पोर सांभाळायला कुणालाच सवड नव्हती. पोरं शेजारपाजारी वाढत होती आणि आम्ही गिटारी घासत होतो. तरी तो मान खाली घालून "हो साहेब" म्हणाला. तक सांग-गू हा माणूस "हो साहेब" म्हणायला कधी दमला नाही.

मी बोंग-इम, त्याची बायको. त्याच कारखान्यात दोन नंबरच्या लाइनवर घासकामाला होते. तो नमुन्याच्या खोलीचा मुकादम. नवीन गिटार काढायची ठरली की पहिली एक तो स्वतः करायचा. लाकडाला बाक द्यायचे साचे, आतल्या पट्ट्या, मान, घोडी, सगळं त्याच्या हातचं. ती पसंत पडली की आमच्या लाइनी तिच्यासारख्या हजारो काढायच्या. वर नाव अमेरिकेतल्या कंपनीचं. आमचं नाव हवं असेल तर भोकातून वाकून आत बघायचं, आणि तिथेही माणसाचं नाही, नुसतं देशाचं.

मी इंचनची. माझा बाप बंदरातल्या ओंडक्यांवर उड्या मारत जगला आणि प्लायवूडच्या गिरणीत खोकून खोकून मेला. प्लायवूडचे दिवस सरले तसे पियानो आले, पियानोच्या मागून गिटारी. आमच्या काजवा-दोंग भागातल्या गल्ल्यांत वाद्यांचे कारखाने उभे राहिले ते कुणाला गाण्याचं वेड होतं म्हणून नव्हे. लाकूड होतं, सरस होता आणि घासायला पोरी होत्या. स्वस्त पोरी. साहेब भाषणात म्हणायचे की जगातली अर्धी तरुण पोरं आपल्या गिटारीवर शिकतात. असेल. आमच्यात वाजवता कुणालाच येत नव्हतं. माझा नवरा कुठलीही गिटार डोळे मिटून सुरात लावायचा, आणि सुरात लागली की खाली ठेवून द्यायचा. गाणं म्हणाल तर एक येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात दोन नंबरची लाइन बंद होणार अशी कुजबुज होती. वर्षअखेरच्या जेवणाला साहेब उभे राहिले. म्हणाले, "अमेरिकेचा पाहुणा सोल्लालची सुट्टी संपली की येतोय. हा नमुना त्याला पसंत पडला तर दोन नंबर राहील. नाही पडला, तर मी काही देव नाही."

माझ्या शेजारी ह्वा-जा ताई बसली होती. लाइनवर सगळ्यात जुनी, वार्निशने आवाज बसलेला. ती ताटातलं मांस चिवडत म्हणाली, "देव नाहीत हे ठाऊक होतं गं. स्वतः कबूल केलं हे बरं झालं."

हसलो सगळ्या. पण हसताना प्रत्येकीचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे होतं. चाळीसेक बायकांची चूल एका माणसाच्या रंध्यावर टांगलेली.

सोल्लालच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीत कारखान्याचा बॉयलर बंद ठेवायचे, तेवढाच खर्च वाचतो म्हणून. बाहेर नळ गोठत होते. नमुन्याच्या खोलीत पाण्याची बादली ठेवली तर सकाळी दगड. म्हणून गिटार आमच्या घरी आली, बसमधून, माझ्या लग्नातल्या रजईत गुंडाळून. बसमध्ये एका माणसाने विचारलं, "बाळ आहे का?" नवरा "हो" म्हणाला. चेहरा इतका गंभीर की त्या माणसाने उठून जागा दिली.

घरी दोन खोल्या. एकीत फरशीखालून बॉयलरचं गरम पाणी फिरतं, तिथे सगळे झोपतो. दुसरी गार, तिथे किमचीच्या लोणच्याचे डबे आणि जुनं कपाट. त्याने गिटार गार खोलीत कपाटावर ठेवली, बाजूला ओली फडकी टांगली. मग सुरू झालं त्याचं. जेवता जेवता उठायचा, हात लावून यायचा. झोपेतून उठायचा, फडकं ओलं आहे का बघायचा. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात तुझा बाप एवढा उठला असता तर मी अजून दोन पोरं दिली असती."

"आई, चेष्टा नको. चाळीस बायकांचा भात आहे त्या गिटारीच्या पोटात."

"हो का?" सासूबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मला भीती वाटायची.

सोल्लालच्या सकाळी पूर्वजांची पानं मांडली, तांदळाच्या वड्यांचं सूप, तोकगुक, केलं, वाकून नमस्कार झाले. मग सासऱ्यांच्या थडग्यावर जायचं होतं. टेकडी बर्फाने निसरडी, सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्या घरीच राहिल्या. आम्ही दोघं गेलो. थडग्यापुढे दारू ओतताना नवरा घाईत. "चल, चल." मी म्हटलं, "अहो, बापाला दोन मिनिटं द्या की." त्याने वडिलांना सांगितलं, "बाबा, पुढच्या वर्षी निवांत येतो," आणि उतरायलाच लागला. परतीची बस चुकली. पुढची येईपर्यंत तो थांब्यावर येरझाऱ्या घालत राहिला, मी नुसतं बघून दमले.

दार उघडलं आणि वार्निशचा वास आला. गरम वार्निशचा. त्या वासात मी आयुष्य काढलंय, पण तो माझ्या घरात कधी आला नव्हता.

गिटार उबदार खोलीत होती. भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे फरशी सगळ्यात जास्त तापते, जिथे आम्ही घरच्या मोठ्या माणसाला बसवतो, पाहुण्याला बसवतो, उशिरा येणाऱ्याच्या भाताची वाटी रजईखाली झाकून ठेवतो, तिथे. खाली एक रजई, वर दोन. सासूबाई शेजारी बसून तिच्यावर हात ठेवून होत्या. बॉयलरही वाढवला होता. आमच्यासाठी कधी वाढवत नसत.

"ये," त्या म्हणाल्या. "बघ कशी ऊब धरलीय. त्या गारठ्यात टाकली होतीस बिचारीला."

नवऱ्याने रजया काढल्या. घोडी एका बाजूने उचलली होती, खाली नख जाईल इतकी. आणि तबलीवर, म्हणजे पुढच्या फळीवर, भोकापासून खालच्या कडेपर्यंत, तडा. सरळ. लाकडाच्या रेषेरेषेने गेलेला.

तो बाहेर गेला, चपला घातल्या, परत आला, चपला काढल्या, पुन्हा बाहेर गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग मीच ओरडले. "आई, हे काय केलंत? लाकूड आहे ते! वाळतं, चिरतं!"

"मला काय ठाऊक?" सासूबाईंचा आवाज चढला. "तोच म्हणाला ना, भात आहे तिच्या पोटात? भात कुठे ठेवतात गं? गारठ्यात ठेवतात? युद्धात मी याच्या बापाची वाटी उबेत ठेवली होती, सीमेपलीकडून चालत आला तोवर. सहा वेळा भात बदलला. आला की नाही? आला!"

 माझा राग जाईना आणि कुणावर टाकावा तेही कळेना. बाईने घरातली सगळ्यात मोलाची जागा दिली होती. आमच्यातल्या कुठल्याही म्हातारीने तेच केलं असतं. आणि तिला सांगायला हवं होतं ते आम्ही सांगितलं नव्हतं, कारण लाकडाचं शास्त्र कारखान्यात आणि आई घरात, असं आमचं डोकं.

दुसऱ्या दिवशी त्याने ती दुरुस्त करायला घेतली. स्वयंपाकघरात, सूपच्या भांड्यात सरस शिजवला. घरभर चामड्याचा वास. सासूबाई नाक धरून म्हणाल्या, "यात आता तोकगुक करू नका म्हणजे झालं." ओल्या कापडाने तडा हळूहळू मिटत आणला. पण आतून ठिगळं लावायची तर त्याचा पंजा भोकातून जाईना. माझा गेला. मी कोपरापर्यंत गिटारीच्या आत, तो बाहेरून बोट ठेवून सांगतोय: "इथे. नाही, इथे. दाब. हलू नकोस." लाकडाचे चार बारके तुकडे माझ्या बोटांनी त्या अंधारात चिकटवले. इतकी वर्षं मी गिटारींचं बाहेरचं अंग घासलं होतं. आत काय असतं ते पहिल्यांदा हाताला लागलं. आत कुणी घासत नाही. आत सगळं खरखरीत असतं.

संध्याकाळी त्याने तारा चढवल्या, सूर लावला. आवाज बरा होता. तडा मात्र दिसत होता, केसासारखा. "मी सांगून टाकणार," तो म्हणाला.

"कुणाला?"

"पाहुण्याला. लपवून पसंत करून घेतली आणि तिकडे जाऊन उघडली तर? मग लाइन दुप्पट जाईल."

"आणि सांगितल्यावरच गेली तर?"

तो उठला. गार खोलीत जाऊन आला.

पाहुणा आला त्या दिवशी आम्हाला धुतलेले एप्रन घालायला लावले आणि आमच्यापैकी काही जणींना नमुन्याच्या खोलीत भिंतीला ओळीने उभं केलं. शोभेला. अमेरिकन माणूस उंच, हसरा, हातात बोटभर आरसा. सोबत साहेब, आणि साहेबांचा भाचा, यू-शिक. कित्येक महिने दिसला नव्हता. कुणी म्हणे सैन्यात, कुणी म्हणे शिकायला. ह्वा-जा ताईने मला कोपर मारलं. "बोंग-इम, फेब्रुवारीत हा कुठे भाजून आला गं?" खरंच, तोंड रापून काळं झालं होतं. इंचनमध्ये बर्फ पडत होता.

पाहुण्याने गिटार घेतली, दोन-चार सूर वाजवले. आरसा आत घातला. थांबला. तो माझीच ठिगळं बघत होता.

नवरा पुढे झाला, कमरेत वाकला. "तडा गेला होता. घरी आईने उबेच्या जागी ठेवली, तिला मी सांगितलं नव्हतं. चूक माझी. दुसरी करून देतो, नमुना तोच, साचे माझ्याकडे आहेत. दोन आठवडे द्या." भाच्याने इंग्रजीत सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल. पाहुणा मात्र हसला, नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली, काहीतरी बोलला. भाच्याने ते आम्हाला सांगितलंच नाही. भाच्यानेच पिशवीतून पातळ कागद काढला, टेबलावर पसरला, त्यावर गिटार आडवी ठेवली आणि पेन्सिलने तिच्या कडेने रेघ ओढायला लागला.

आम्ही बघत राहिलो. मग एकेकीला कळायला लागलं. भिंतीच्या ओळीतून ते कळणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना मला दिसलं. ज्या कारखान्यात गिटारीचे साचे आहेत, तिथे तिची रेघ कोण काढतो? आम्हाला ती काढायची असती तर मागच्या फळीवरून साचा उचलला असता. रेघ काढतात ती जिथे साचा नाही तिथे न्यायला.

"साहेब," नवरा म्हणाला, "रेघ कशाला? साचे आहेत ना."

"हो, बरी आठवण केलीस. साचे पण बांधून दे. आजच गाडीत जातील."

"कुठे?"

"इंडोनेशियाला. तिकडे शेड तयार आहे. यू-शिक बघतोय सगळं."

असं म्हणाले. इंचनच्या बाजारात मासा घेताना बाई जितक्या सहज 'शेपूट काढून द्या' म्हणते, तितक्या सहज.

"पण नमुना पसंत पडला तर दोन नंबर राहील म्हणाला होतात."

"पसंत पडला की. पाहुणे खूश आहेत. तक, बांध लवकर. विमान आहे."

आणि माझा नवरा बांधायला लागला. देवाशप्पथ. जुनी वर्तमानपत्रं घेतली, साचे पुसले, एकेक गुंडाळायला लागला. नीट. कोपऱ्यांना जाड घडी घालून, लागू नये म्हणून. बारा-पंधरा वर्षांचं काम होतं ते आणि तो बाळाला लंगोट बांधावा तसं बांधत होता.

"अहो," मी म्हटलं, "ठेवा ते खाली."

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांनी बरंच काही सांगितलंय. ठेवा खाली."

"बोंग-इम, लोक बघतायत."

"बघू देत! शोभेलाच उभं केलंय ना आम्हाला? मग आम्हीही शोभा बघतो!" मी एप्रन काढला, तो कुठे टाकावा कळेना, परत हातातच धरला. सरळ खाली गेले, दोन नंबरवर. घासायची यंत्रं चालू होती, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. ओरडले. "नमुना इंडोनेशियाला चाललाय! साचे पण! आत्ता!" पहिलीने ऐकलं, तिने बटण दाबलं. मग दुसरीने. यंत्रं एकदम थांबली नाहीत, एकेक करत गेली, शेवटचं एक कितीतरी वेळ घरघरत राहिलं, कारण त्यावरची बाई कानाने अधू होती. तिला हाताने खुणावावं लागलं.

आम्ही नमुन्याच्या खोलीच्या दारात बसलो. कुणी ठरवलं नव्हतं. दार एकच, आणि आम्ही दारात, मग जिन्यात, मग जिन्याखाली. आत साहेब, भाचा, पाहुणा, माझा नवरा. ह्वा-जा ताई उंबऱ्यावरच बसली, पाय आत सोडून. पाहुणा अजून हसत होता. त्याला वाटलं असावं की हा निरोपाचा काही रिवाज आहे.

साहेब आधी गोड बोलले. मग घड्याळ बघितलं. मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना मरेपर्यंत माफ करणार नाही. ते माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याला विचारा ना! ऑर्डर का गेली ते याला विचारा! याच्या आईने नमुना शेकोटीवर भाजला. तडा गेलेली गिटार पाहुण्याला दाखवायची वेळ आणली माझ्यावर. लाइन याच्या आईने बंद पाडली, मी नाही!"

 मला दिसत होतं, काही जणींनी नवऱ्याकडे बघितलं. बघणारच. चाळीस चुली. मी तोंड उघडलं, पण ह्वा-जा ताई आधी बोलली, त्या बसलेल्या आवाजात, अगदी सावकाश.

"साहेब, तडा गेला सोल्लालच्या दिवशी. तिकडची शेड कधी बांधली? त्याच दुपारी उगवली का? आणि हे तुमचे भाचे, ते काय म्हातारीच्या फरशीवर झोपून एवढे काळे झाले?"

जिन्याखालून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच. भाचा गालाला हात लावून बघायला लागला. पाहुण्याने त्याला काहीतरी विचारलं, तर तो परत कागदाकडे वळला.

"तक!" साहेब ओरडले. "मागच्या खिडकीतून दे साचे. खाली ड्रायव्हर उभा आहे. उचल!"

"हो साहेब," नवरा म्हणाला.

त्याने साचे उचलले. सगळे, छातीशी धरून, हनुवटीने वरचा दाबून. मला वाटलं, आता माझं आणि याचं संपलं. खरंच वाटलं. मनातल्या मनात मी त्याचे कपडे वेगळे काढले. तो खिडकीपर्यंत गेला. आणि खिडकीशी पट्ट्याची करवत आहे, तिथे थांबला. साचे टेबलावर ठेवले. वर्तमानपत्र काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं. करवत चालू केली.

पहिला साचा त्याने नेहमीसारखाच लावला, बोटं पात्यापासून दूर, हलका दाब देत. लाकूड मधोमध कापलं गेलं. दोन्ही तुकडे बाजूला रचले. दुसरा घेतला. साहेब त्याच्या अंगावर धावले, पण चालू करवतीजवळ धावत जायचं धैर्य कारखान्याच्या मालकाला नसतं. तिथे काय होतं ते त्यांनी आमच्या बोटांवर बघितलेलं आहे. ते दोन हात लांब उभे राहून "पोलीस! पोलीस!" करत राहिले. पाहुणा आता हसत नव्हता.

नवऱ्याने सगळे कापले. गिटारीला हात लावला नाही. ती टेबलावर कागदावर तशीच होती, भोवती अर्धी रेघ.

दोन नंबरची लाइन वाचली नाही. उन्हाळ्याच्या आत ती बंद झाली आणि तिच्या मागून एक नंबरही. तिकडे दुसऱ्या कुणीतरी दुसरे साचे केले असणार, लाकडाला बाक देणारे हात सगळीकडे असतात, आणि त्या मुलींनाही कधीतरी कुणी सांगेल की आता शेड दुसरीकडे तयार आहे. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण त्या दिवशी गाडी रिकामी गेली. रेघेचा कागदसुद्धा गेला नाही, कारण पुढे भाच्याने तो गिटारीखालून ओढला तेव्हा तो खाली पडला आणि ह्वा-जा ताई त्यावर चप्पल घालून उभी राहिली.

करवत बंद झाल्यावर नवरा खोलीच्या मधोमध उभा राहिला. पापण्यांवर भुसा. हात रिकामे, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. बाहेर पोलिसांच्या गाड्यांचे आवाज यायला लागले होते.

"आता?" त्याने मला विचारलं.

"आता बसा."

तो दारापर्यंत आला. बायकांनी सरकून जागा केली, पण पुरेशी नव्हती, तो अर्धा उंबऱ्यावर, अर्धा माझ्या मांडीवर टेकला. ह्वा-जा ताईने त्याच्याकडे वळून बघितलं.

"मुकादम, जरा तिकडे सरका. एवढं सगळं केलंत, आता माझ्या पायावर बसू नका."

"सॉरी, ताई," तो म्हणाला आणि सरकला.